सुखाचं भांडवल

दार उघडंच होतं. डायनिंग टेबलावर जुना पेपर पसरून मी लसूण सोलत बसलो होतो. जिन्यात आधी किल्ल्यांचा आवाज आला, मग चपलांचा, आणि मग बायको दारात येऊन उभी राहिली. लिफ्टची वाट न बघता तीन मजले चढून आल्यामुळे दम लागला होता, पण चेहरा असा, की खाली कुणीतरी नुकताच तिच्या गळ्यात हार घालून गेलंय.

"सासवडला जाऊन आले," ती म्हणाली. "एकटी. दिवे घाटातून."

आता हे वाचणाऱ्यांपैकी जे रोज घाट उतरून कामाला जातात त्यांना यात काही वाटणार नाही. पण माझी बायको बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. लायसन मिळाल्यापासून तिची धाव कोथरूडमधली भाजी आणि योगाचा क्लास एवढीच होती. तीही डावीकडच्या सीटवर मी बसलेला असताना, जिथे ब्रेक नाही तिथे जोरजोरात पाय दाबत. दिवे घाट म्हणजे तिच्या हिशेबात एव्हरेस्टच.

मी हातातली पाकळीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणालो, "गाडी उतारावर लावलीस ना? हँडब्रेक ओढलायस का?"

"ओढलाय," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

अर्ध्या तासाने आतल्या खोलीतून तिचा आवाज ऐकू आला. नाशिकच्या मैत्रिणीला फोन लावला होता. "अगं, मधल्या वळणावर पुढचा खडीचा डंपर थांबला. थांबला म्हणजे ठार थांबला. चढ असा, की समोर नुसतं आभाळ. मागे एसटी, इतकी चिकटलेली की आरशात फक्त तिचा लाल रंग. म्हटलं, आता गाडी मागे गेली की संपलं. मग हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, हाफ क्लचवर आणली, गाडी गुरगुरायला लागली, आणि मग हळूच हँडब्रेक सोडला. एक इंच मागे गेली नाही गं. एक इंचसुद्धा!" यावर नाशिकहून जी किंकाळी आली ती भिंतीपलीकडे मला ऐकू आली.

म्हणजे त्या दिवसाच्या गोष्टीचा नायक हँडब्रेकच होता. मीही हँडब्रेकचंच विचारलं होतं. आणि तरीही ती गोष्ट माझ्यापर्यंत आली नाही, ती नाशिकला गेली. मला भिंतीला कान लावून ऐकावी लागली.

हे सगळं मी एवढं लक्षात ठेवलं याचं कारण आमची मुलगी. ती मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. त्याच आठवड्यात ती एका इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करत होती आणि दर दोन वाक्यांनी मला विचारत होती, "बाबा, हे मराठी वाटतंय का?" मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, परिपत्रकांच्या मराठीवर वाढलो, तेव्हा मला विचारणं हाच विनोद. पण ती विचारायची आणि मी सांगायचो.

प्रश्नावली बारा वाक्यांची. 'तुमच्या बाबतीत काही चांगलं घडलं आणि ते तुम्ही जोडीदाराला सांगितलं, की तो काय करतो?' एवढाच विषय. एका वाक्याचा अर्थ साधारण असा होता, की बहुतेक चांगल्या गोष्टींना वाईट बाजूही असते याची जोडीदार मला आठवण करून देतो. दुसरं, त्यात जोडीदाराला काहीतरी अडचण सापडतेच. मुलगी लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "बाबा, हा तू."

मी हसलो. हसण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

ही प्रश्नावली शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात त्या शिकल्या, आणि हे काम गाजलं तेव्हा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होत्या. माणसं एकमेकांच्या दुःखात कशी उभी राहतात यावर त्यांच्या आधी ढिगाने अभ्यास झाला होता. आजारपण, नोकरी जाणं, मृत्यू. गेबलबाईंनी उलट विचारलं. चांगलं घडतं तेव्हा काय? रोजच्या डायऱ्या लिहून घेतल्या तर साध्या माणसाच्या साध्या दिवसात चांगल्या गोष्टी वाईटांच्या जवळपास तिपटीने निघतात. बस वेळेवर आली, साहेब हसून बोलला, भाकरी फुगली. दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट माणसं दहापैकी सहा ते आठ वेळा कुणाला तरी सांगतातच. मग ज्याला सांगितली तो काय म्हणाला, याला काही वजन आहे की नाही?

२००४ साली गेबल, त्यांचे गुरू हॅरी रीस आणि आणखी दोन सहकारी यांनी याचं उत्तर छापलं. ऐकणाऱ्यांच्या चार तऱ्हा त्यांनी धरल्या. एक जण डोळे मोठे करून विचारतो, कधी, कसं, मग काय झालं. दुसरा गालातल्या गालात हसतो, 'छान' म्हणतो आणि पेपर वाचायला लागतो. तिसऱ्याने ऐकलेलंच नसतं, तो म्हणतो, गॅसवाला येऊन गेला का. आणि चौथा अगदी मन लावून ऐकतो आणि त्यात खोट काढतो. ज्या जोडप्यांत पहिली तऱ्हा होती त्यांची नाती बरी निघाली, जवळीक जास्त, विश्वास जास्त. बाकी तिन्ही तऱ्हांचा संबंध उलट्या दिशेने. अगदी दुसऱ्याचासुद्धा, त्या गालातल्या गालात हसणाऱ्याचा. हे मला झोंबलं. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी त्या शब्दाची गंमत. चांगली गोष्ट दुसऱ्याला सांगून तिच्यातून आणखी आनंद काढण्याला या शास्त्रात 'कॅपिटलायझेशन' म्हणतात. हा शब्द ख्रिस्तोफर लँग्स्टन यांनी १९९४ मध्ये वापरला. त्यांना दिसलं होतं, की चांगली गोष्ट कुणाला सांगितली, साजरी केली, तर त्या गोष्टीने जेवढा आनंद दिला असता त्याच्यावर आणखी काही मिळतो. बँकेच्या भाषेत, मुद्दल जागेवर आणि वर व्याज. मुलीने विचारलं, "कॅपिटलायझेशनला काय म्हणू? भांडवल करणे?"

मी म्हटलं, अजिबात नको. आपल्याकडे भांडवल करणे म्हणजे वाईट. आपण म्हणतो, त्याने आईच्या आजारपणाचं भांडवल केलं. पक्षाने दुष्काळाचं भांडवल केलं. आणि हे बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं, की मराठीत भांडवल नेहमी दुःखाचंच होतं. सुखाचं भांडवल केलं असं कुणाला म्हणताना मी आजवर ऐकलेलं नाही. सुख आलं की आपण ते फिक्समध्ये टाकतो आणि पावती कपाटात ठेवतो. कुणाला दाखवत नाही.

वास्तविक म्हण उलटी आहे. 'सुख सांगावे जना, दुःख सांगावे मना.' म्हण करणाऱ्याला गेबलबाईंच्या आधी अर्धं गणित सुटलं होतं. पण त्याच घरात दृष्टीचीही भीती असते. बाळ गोरंगोमटं झालं की गालावर काजळाची तीट, मुलगा पहिला आला की मीठमोहऱ्या. "बोलू नये उगाच, दृष्ट लागते." माझी आजी तब्येत चांगली असली की "बरी आहे" म्हणायची, उत्तम असली तरी "बरी आहे". उत्तम म्हटलं की कुणीतरी ऐकेल. हे कुणीतरी कोण, ते तिने कधी सांगितलं नाही, पण ते फार तिखट कानांचं असावं.

दुःखात मात्र आपला हात कुणी धरणार नाही. सात वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात वेळापत्रकच लागलं. सकाळचा डबा मेहुणीकडून, दुपारी पेज वरच्या मजल्यावरून, रात्री थांबायला भाचा. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं तेही लिंबू-सरबताची बाटली घेऊन आले. कॉटजवळ उभं राहून काय बोलायचं, किती वेळ थांबायचं, निघताना चादर कशी नीट करायची, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. हीच माणसं तुमच्या बढतीला आली की म्हणतात, "अरे वा. पार्टी कधी?" आणि विषय संपतो.

पण मदतीलाही एक काटा असतो, हे मला त्या कॉटवरच कळलं होतं. नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली न्यूयॉर्क राज्याच्या वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास छापला. दोघांकडूनही रोजची टिपणं घेतली होती. ज्या दिवशी जोडीदार म्हणतो 'मी मदत केली', आणि परीक्षेला बसलेल्याला मात्र ती मदत जाणवलेलीच नाही, त्या मदतीचा फायदा सगळ्यात चांगला दिसला. जाणवलेल्या मदतीने उलट मन थोडं खचायचं. खरंच आहे. पेजेचा डबा उघडताना कृतज्ञता वाटते आणि आपण पेजेवर आलो हेही वाटतं. आनंद सांगायला आलेल्या माणसाला असा काटा बोचत नाही. तो काही मागायला आलेला नसतो.

गेबलबाईंचा २००६ चा प्रयोग याच्यापुढे जातो. लग्न न झालेली, एकमेकांबरोबर फिरणारी ७९ जोडपी प्रयोगशाळेत बोलावली. दोघांनी आळीपाळीने एक चांगली गोष्ट आणि एक त्रासाची गोष्ट एकमेकांना सांगायची. समोर व्हिडिओ. दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं, नातं कसं आहे, आहे की तुटलं. नात्याचं पुढे काय झालं याचा अंदाज बांधायला, त्रासाची गोष्ट ऐकताना जोडीदार कसा वागला यापेक्षा चांगली गोष्ट ऐकताना कसा वागला हे जास्त उपयोगी पडलं.

बँकवाला असल्यामुळे मला लगेच शंका आल्या. ७९ जोडपी, तीही कोवळी, आणि दोन महिने. आमच्या लग्नाला २८ वर्षं झाली, कर्ज फेडलेलं आहे. शिवाय अमेरिकन माणूस कशालाही 'अमेझिंग' म्हणतो. आपल्याकडे असं कुणी घरात ओरडायला लागलं तर आधी थर्मामीटर शोधतील. हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "ओरडण्याचं कुणी म्हटलंच नाहीये, बाबा. समोरच्याला त्या गोष्टीत नेमकं काय मोठं वाटतंय ते कळणं, आणि कळलंय हे त्याला दिसणं." मग वर हेही सांगितलं, की अमेरिकन सैन्यानेसुद्धा २००९ पासूनच्या मानसिक कणखरपणाच्या प्रशिक्षणात हे घातलंय, मोठाले सार्जंट बसून बायकोची आनंदाची बातमी कशी ऐकायची याचा सराव करतात. "तुला जमायला हरकत नाही."

आता ते झोंबण्याचं.

१९९४ साली मी क्लार्कचा ऑफिसर झालो. पुण्यात होतो. एसटीडी बूथवरून सांगण्यासारखी बातमी नव्हे, म्हणून शनिवारी अर्धा दिवस भरून सांगलीची गाडी पकडली, बरोबर अर्धा किलो पेढे. रात्री गावभागातल्या घरी पोचलो तेव्हा अण्णा पडवीत खुर्चीत होते. सांगितलं. त्यांनी पेढा घेतला, देवापुढे ठेवायला आईकडे दिला आणि म्हणाले, "म्हणजे आता बदल्या सुरू होणार." मग थोड्या वेळाने, "विदर्भात टाकतात म्हणे पहिल्यांदा." त्या रात्री आमच्या घरात माझ्या बढतीवर जे काही बोलणं झालं ते एवढंच.

पाकळी हातात धरून हँडब्रेकचं विचारणारा माणूस कुठून आला, हे वेगळं सांगायला नको.

रविवारी सकाळी कटिंगला गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला सलून होतं, दोन खुर्च्यांचं, मागच्या आरशाला तडा गेलेलं. सलूनवाल्या मामांनी मला बघितलं आणि हातातलं गिऱ्हाईक तसंच फेसात ठेवून पुढे आले. "या सायेब! ऑफिसर झाला म्हणं!" मी रात्री उशिरा आलेलो, सकाळचे आठ वाजलेले. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर अण्णा सहालाच येऊन गेले होते. दाढी आदल्या दिवशी झालेली होती, तरी आले होते.

मामांनी मला खुर्चीत बसवलं, कापड गुंडाळलं, आणि मग अण्णांनी काय काय सांगितलं ते सांगायला लागले. किती जण परीक्षेला बसले होते आणि किती निवडले. वेगळं टेबल मिळणार, काच असलेलं. चेकवर सही चालणार. यातलं अर्धं मी अण्णांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी कुठून आणलं देव जाणे. "मी इचारलं, मग अण्णा, पगार किती वाढला?" मामा कात्री हवेत धरून म्हणाले. "तर अण्णा म्हणाले, पगाराचं सोडा हो, सहीचं बघा. माझ्या पोराच्या सहीवर पैसे सुटनार." आणि मामा हसले, कात्री दोनदा हवेतच चालवली. "मग? शिकलासा का सही करायला?"

मला तेव्हा एवढंच वाटलं, की हे मला का नाही सांगितलं. मुलाचं तोंडावर कौतुक करू नये, हा त्यांच्या पिढीचा नियम होता. त्यामुळे माझं कौतुक सलूनमार्गे माझ्यापर्यंत आलं. गेबलबाईंच्या तक्त्यात अण्णा सरळ चौथ्या रकान्यात जातात, फार तर उदार होऊन दुसऱ्यात टाकता येतील. मुलीच्या भाषांतरात एक वाक्य होतं, 'तो फारसं बोलत नाही, पण त्याला माझ्यासाठी आनंद झालाय हे मला कळतं.' हे वाक्य मी तिला तीनदा बदलायला लावलं. प्रत्येक वेळी ते अण्णांसारखंच निघत होतं.

पण परवा, भिंतीपलीकडून ती नाशिकची किंकाळी ऐकल्यावर, सलूनची गोष्ट मला वेगळीच दिसली. इतकी वर्षं मी ती माझ्या बढतीची गोष्ट समजत होतो. मी ऐकणाऱ्याचा हिशेब मांडत होतो, अण्णांनी कसं ऐकलं. पण सकाळी सहाला, दाढी झालेली असताना, गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाणारा माणूस ऐकायला गेला नव्हता, सांगायला गेला होता. ती बातमी तोवर त्यांचीही झाली होती. घरात तिचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मामांकडे ती नेली, मामांनी कात्री थांबवली आणि म्हणाले, "मग अण्णा?" आणि त्या 'मग'वर अण्णांनी काचेचं टेबल उभं केलं.

आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार मागायची. "हुंकार द्या रे, नाहीतर मी झोपते." आम्ही 'हं, हं' करत राहायचो. पण कधी कुणी झोपेतून 'मग?' म्हटलं की ती उशीवरून उठून बसायची. राक्षस थोडा मोठा व्हायचा.

मी बायकोला यातलं काही सांगितलं नाही. 'मी चुकलो, आता तुझी घाटाची गोष्ट सांग' असं म्हणणं म्हणजे थंड झालेला चहा परत गरम करणं. ती म्हणाली असती, "काय सांगायचं त्यात, गेले आणि आले." मी काय केलं, तर पुढच्या रविवारी मलाही सासवडला यायचंय म्हणालो. तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. "चालवणार मीच," ती म्हणाली.

हडपसर सुटेपर्यंत मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. पाय मात्र ऐकत नव्हता, फुरसुंगीच्या सिग्नलला दोनदा दाबला गेला. तिने बघितलं, बोलली नाही. घाट सुरू झाला. पावसाळा संपून महिना झालेला, कडेचं गवत पिवळं पडत होतं. मधल्या वळणाशी तिने गाडी सावकाश केली, मागे कुणी नाही असं आरशात पाहिलं आणि हनुवटीनेच दाखवलं.

"इथे होता तो डंपर."

मला तोंडापर्यंत आलं होतं, समोर बघ. गिळलं. म्हणालो, "मग?"

"मग काय मग. थांबला ठार." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "मागे एसटी. एसटी पण नाही, दोन होत्या. एक शिवशाही."

नाशिकला एकच होती. मी म्हटलं, "बापरे. आणि हॉर्न?"

"हॉर्न? अरे, बहिरं व्हायची वेळ आली होती!" आणि ती सांगायला लागली. खडी डंपरच्या फाळक्यातून टपटप पडत होती, हे मी भिंतीतून ऐकलं नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचे शब्द आठवले होते, हेही नाही. घाम येऊन स्टिअरिंग निसटत होतं, ते तिने ओढणीने पुसलं होतं. घाट संपून सपाटी लागली तरी डंपर अजून हललेला नव्हता. मी विचारत राहिलो. सासवडच्या वेशीशी पोचलो तेव्हा ती नुकती पहिल्या गिअरमध्ये आली होती.

तिच्या मावशीच्या दारात थोडा उतार आहे. तिने गाडी लावली, इंजिन बंद केलं. मी दाराच्या कडीला हात घातला.

"थांब," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत, अगदी सावकाश, हँडब्रेक ओढला. कर्रर्र.